वडिलांचा फ्लॅट, मामांची खोली आणि तुमचं नवं घर: सरकारचं कुठलं धोरण कुणाच्या दारात?

मुलुंड पूर्वेच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या नावावर सोसायटीत ४१० चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके आहे. इमारत १९८६ची, सभासद २४, आणि पुनर्विकासासाठी तीन बिल्डर खेटे घालताहेत. ते स्वतः आणि त्यांच्या पत्नी, दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न १८ लाखांच्या आसपास, भांडुपला बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये ९० लाखांचा फ्लॅट बघून आलेत. आणि सख्खे मामा लालबागला पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यानं घेतलेल्या, खोलीत राहतात. ‘रोज पेपरात सरकारची घरांबद्दल नवी घोषणा असते. घ्यावं की थांबावं? आणि आम्हा तिघांच्या पदरात यातलं नक्की काय पडणार?’

मी अठ्ठावीस वर्षं मुंबईत सोसायट्यांची आणि घरखरेदीची कागदपत्रं बघणारा वकील आहे. माझ्या ऑफिसात फायली तीन रंगांच्या आहेत. सोसायटीची हिरवी, पागडीची पिवळी, नव्या खरेदीची निळी. तुमच्या घरात तिन्ही रंग आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पेपरवाला ‘मुंबईकरांना दिलासा’ असा एकच मथळा देतो, पण तो दिलासा हिरव्या फायलीला असतो की पिवळ्या, हे सातव्या ओळीत लिहिलेलं असतं आणि बरेचदा लिहिलेलंच नसतं.

घोषणा झाली म्हणजे जीआर, शासन निर्णय, निघाला असं नाही, जीआर निघाला म्हणजे तो महापालिकेच्या किंवा निबंधकाच्या टेबलावर पोचला असंही नाही. मे २०२५मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं, ‘माझे घर, माझा अधिकार’ असं त्याचं ब्रीद, २०३०पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे किमान दहा जण हे विचारायला आले की आता अर्ज कुठे करायचा. धोरण म्हणजे सरकारनं स्वतःला आखून दिलेली दिशा असते हो, त्यात अर्जाचा फॉर्म नसतो.

आता वडिलांच्या फ्लॅटपासून सुरुवात करू, कारण तुमच्या घरातला सगळ्यात मोठा पैसा तिथे आहे आणि चुका करायला वावही तिथेच.

तिन्ही बिल्डर तुम्हाला ‘३५ टक्के जादा कार्पेट’ सांगत असतील. पैज लावतो. हा आकडा बिल्डरच्या मनाचा मोठेपणा नाही. २०१८पासून लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे डीसीपीआर २०३४मध्ये, निवासी इमारतीला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे मूळ परवानगीच्या वरचं जादा, क्षेत्र मिळतं, आणि पुनर्विकासात जुन्या सभासदांच्या वाट्याच्या फंजिबलवर प्रीमियम, म्हणजे त्यासाठीचं सरकारी शुल्क, भरावा लागत नाही. म्हणजे तुमचे ४१० फूट ढोबळमानानं ५५३ होतात ते या नियमानं. त्याच नियमावलीत ३३(७)(बी) हे कलम आहे. तीस वर्षांहून जुन्या सोसायटीच्या इमारतीला सध्याच्या बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर सभासदामागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल तेवढं प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं. तुमचे फ्लॅट लहान असल्यामुळे तुम्हाला दहा मीटरचा हिशोब फायद्याचा. २४ सभासदांचे २४० चौरस मीटर, म्हणजे अडीच हजार चौरस फुटांच्या वर. हे सोसायटीच्या जुनेपणामुळे मिळतंय, बिल्डरच्या ओळखीमुळे नव्हे. वाटाघाटीला बसताना हे माहीत असलं की आवाज आपोआप बदलतो.

पण याच्या आधी एक टेप घ्या. खरंच सांगतोय. घाटकोपरच्या एका सोसायटीत सेक्रेटरी आणि मी सकाळी सहाला, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, टेप धरून रस्ता मोजत होतो. उपनगरात तुमच्या प्लॉटवर किती टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क) आणि किती प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) चढेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि ९ मीटरच्या अलीकडे-पलीकडे हिशोबाचं सगळं गणित पालटतं. बिल्डरच्या सादरीकरणात रस्ता १२ मीटरचा होता, आमच्या टेपला साडेआठ भरला. दूधवाला विचारत होता, काय हो, गटार काढणार का? टेप अर्थात अंतिम नाही, महापालिकेचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटबद्दल काय आहे त्याचा दाखला, हा खरा कागद. तो सोसायटीनं स्वतः काढावा, बिल्डरनं आणून दिलेली झेरॉक्स वाचत बसू नये.

दुसरा कागद मालमत्ता पत्रक, ज्याला आपण पीआर कार्ड म्हणतो. तुमची सोसायटी १९८६ची, म्हणजे १९६३च्या मोफा कायद्याखालची. त्या कायद्यानुसार बिल्डरनं सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण, कन्व्हेयन्स, करून द्यायचं होतं. किती जणांनी दिलं ते मुंबईला ठाऊक आहे. म्हणून २००८च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाची, डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली. बिल्डर येवो न येवो, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेता येते. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सामान्य फ्लॅटमालकाला मिळालेली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट, आणि तिची एकही बातमी पहिल्या पानावर आलेली मला आठवत नाही. पीआर कार्डावर अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर पुनर्विकासाची चर्चा थांबवा आणि आधी हे करा. ‘कन्व्हेयन्स आम्ही करून घेऊ, तुम्ही सही करा’ असं सांगणारा बिल्डर तुमच्या जमिनीची किल्ली स्वतःच्या खिशात घालत असतो.

तिसरी गोष्ट निवडीची पद्धत. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९चा शासन निर्णय आहे. विकासक निवडायच्या सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत, आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती हवी. तुमच्या हिशोबात सोळा जण हजर, तेरा जणांचा होकार. निबंधकाचा प्रतिनिधी समोर, सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण. त्यात विकासकानं प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यावी असंही आहे, आणि काम दोन वर्षांत, अपवाद म्हणून तीन वर्षांत पुरं करावं असंही. यातलं शेवटचं मुंबईत टॉवर बांधणाऱ्याला जमत नाही, ते सोडून द्या. बँक हमी मात्र सोडू नका.

का ते सांगतो. पूर्व उपनगरातली एक सोसायटी, नाव सांगत नाही. बिल्डर त्याच गल्लीतला, गणपतीच्या मंडळाचा मोठा देणगीदार. ‘घरचाच माणूस आहे, त्याच्याकडे कसली हमी मागायची?’ म्हणून सभेनं तो मुद्दा वगळला. इमारत पाडली. भाड्यापोटी प्रत्येकाला अठरा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक मिळाले होते. चौदा वटले, पंधरावा परत आला. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी, तोवर बदलापूरला भाड्यानं राहायला गेलेल्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळून ते चेक घेऊन आल्या. पंधराव्याला बँकेचा परतीचा मेमो टाचलेला होता. उरलेले तीन कोरे करकरीत. मी म्हटलं, हे टाका ना बँकेत, परत आले तर पुरावा होतो. त्या म्हणाल्या, ‘चेक त्याचा परत येतो आणि बँक दंड माझ्या खात्यातून कापते. पुरावा मला परवडत नाही.’ ती इमारत शेवटी उभी राहिली, दुसऱ्या बिल्डरकडून, पाच वर्षं उशिरा आणि आधीपेक्षा कमी क्षेत्रफळात.

इथे तुम्ही म्हणाल, रेरा आहे ना? रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, विकत घेणाऱ्यासाठी आहे. तुमच्याच इमारतीत नवा फ्लॅट घेणारा माणूस उशीर झाला म्हणून महारेराकडे, त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, व्याज मागू शकतो. वडील जुने सभासद, त्यांचा आधार म्हणजे विकास करारनामा आणि पर्यायी जागेचा वैयक्तिक करार. त्यात जे लिहिलं नाही ते मागून मिळत नाही. जीएसटी कोण भरणार, भाडं दर वर्षी किती वाढणार, ओसी, म्हणजे महापालिकेचा भोगवटा दाखला, मिळाल्यावरच ताबा की आधी ‘फिटआउट’साठी म्हणून चावी हातात देणार, हे सगळं शब्दाशब्दांनी लिहून घ्या. ओसीशिवाय ताबा घेतला तर पाणी दुप्पट दरानं येतं, आणि पुढे तीस वर्षं प्रत्येक सर्वसाधारण सभेत हाच विषय.

एक चांगली गोष्ट अशी की जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या घरावर सभासदाकडून वेगळी स्टॅम्प ड्युटी मागण्याचा प्रकार मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३मध्ये बंद केला. विकास करारनाम्यावर ड्युटी भरली असेल तर सभासदाच्या करारावर पुन्हा नाही. पैसे देऊन जास्तीचं क्षेत्र घेतलंत तर तेवढ्यावर भरायची.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. १ जानेवारी २०२२पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. वडिलांचं घर ४१०चं, म्हणजे आज बिल शून्य. नवं घर ५५३चं झालं की ती माफी गेली. शिवाय २०१०पासून हा कर भांडवली मूल्यावर आहे, आणि ते मूल्य रेडी रेकनरला, म्हणजे सरकारच्या जमीन-घरांच्या दरपत्रकाला, बांधलेलं. नव्या इमारतीचं मूल्य जुन्यापेक्षा अर्थातच जास्त. वर दोन लिफ्ट, पार्किंगचा यांत्रिक मनोरा, पंप, सुरक्षा रक्षक. आज महिना पंधराशे मेंटेनन्स भरणाऱ्या निवृत्त माणसाला उद्या आठ-नऊ हजार भरावे लागले तर ते कुठून येणार? म्हणून मी ज्येष्ठ सभासदांना सांगतो की दोन पार्किंगऐवजी कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, वाढवून मागा, आणि तो मुदत ठेवीत टाका. ‘माझ्या वाट्याला किती फूट’ यावर चार सभा होतात. कॉर्पसवर अर्धा तास.

तुमच्या मनात वडिलांचा फ्लॅट आत्ताच स्वतःच्या नावावर करून घ्यावा असंही असेल. मुलाला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर मुंबईत मेट्रोचा एक टक्का अधिभार. स्वस्त आहे खरं. पण घाई करू नका. एक तर वडिलांच्या हयातीत घर त्यांच्या नावावर असणं हीच त्यांची म्हातारपणची सुरक्षितता, हे वकील म्हणून नव्हे तर अनुभवानं सांगतो. आणि दुसरं, तुमच्या नावावर घर आलं की म्हाडाच्या सोडतीचं दार बंद.

तर आता सोडतीवर आणि भांडुपवर येऊ.

म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीत तुमच्या १८ लाखांना जागा आहे ती उच्च उत्पन्न गटात. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम आणि त्यावर सगळे उच्च. १३ लाखवाला आणि १३ कोटीवाला एकाच रांगेत. घरं कमी आणि किमती बहुधा तुमच्या ९० लाखांच्या वर. तरीही अर्ज भरा, अनामत रक्कम परत मिळते. अट एवढीच की त्या मंडळाच्या हद्दीत नवरा-बायकोच्या नावावर घर नसावं, आणि लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. ‘साहेबांची ओळख आहे, कोट्यातून काढून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. सोडत संगणकावर होते.

केंद्राच्या योजना तुमच्या उपयोगाच्या नाहीत, हे एकदा मनाशी नक्की करा म्हणजे वेळ वाचेल. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४पासून आहे. त्यातली व्याज सवलत ९ लाखांपर्यंत उत्पन्न आणि ३५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या घराला, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही हप्त्याहप्त्यानं. जीएसटीतलं ‘परवडणारं घर’ ४५ लाखांपर्यंतचं आणि ६० चौरस मीटरपर्यंतचं, त्याला १ टक्का, बाकी सगळ्या बांधकाम चालू असलेल्या घरांना ५ टक्के. दर एप्रिल २०१९चा. तुमचा भांडुपचा फ्लॅट आकारानं या साठ मीटरांत आरामात बसतो, किमतीनं दुप्पट पुढे जातो. ४५ लाखांची रेषा देशभर एकच आहे. नागपूरला तिच्याखाली टू बीएचके येतो, भांडुपला गाडी ठेवायच्या जागेपेक्षा थोडं जास्त.

आता वही काढा. ९० लाखांचं घर. कर्ज ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ७२ लाख. तुमचे १८ लाख. इथवर सगळे हिशोब करतात. मुंबईत स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार. जीएसटी साडेचार लाख. नोंदणी शुल्क ३० हजार. हे १० लाख २० हजार बँक घराच्या किमतीत धरत नाही, सगळे तुमच्या खिशातून. म्हणजे हातात १८ नव्हे, २८ लाख हवेत, आणि अजून पडदे लागलेले नाहीत. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर ड्युटी १ टक्क्यानं कमी, ९० हजार वाचतात. दोघांचं जोडनाव लावलं की ही सवलत नाही. कर्ज दोघांच्या पगारावर आणि घर एकीच्या नावावर, हे बँक आणि नवरा दोघांनाही मान्य व्हावं लागतं. यात पहिल्याचं मन वळवणं सोपं. शिवाय किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे बिल्डरला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारी तुमची आहे. विसरलात तर नोटीस बिल्डरला येत नाही, तुम्हाला येते.

ओसी मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी शून्य. म्हणून मी लोकांना नेहमी सांगतो की चालू बांधकामाचा ९० आणि तयारचा ९४ यात फरक चारचा नाही. साडेचार जीएसटीत गेले आणि ताबा मिळेपर्यंतचं भाडं वर.

थांबलो तर सरकार सवलत देईल का? कोविडच्या वर्षी दिली होती. सप्टेंबर २०२०मध्ये मुंबईतली ड्युटी ५ वरून थेट २ टक्के, जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ३, एप्रिलपासून पुन्हा ५. डिसेंबर २०२०च्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांबाहेर मास्क लावलेल्या माणसांच्या रांगा लागल्या होत्या. मी त्या रांगांत उभा होतो. कोटभराचं घर घेणाऱ्याचे तीन लाख खरोखर वाचले. पण मला दिसलं ते असं की सवलत जाहीर झाल्यावर ज्या बिल्डरनं ऑगस्टमध्ये स्वतःहून भाव उतरवला होता त्यानं तो ऑक्टोबरमध्ये जागच्या जागी आणून ठेवला. सवलतीचा एक वाटा तुम्हाला, एक त्याला. म्हणून पुढच्या सवलतीची वाट बघत भाडं भरत राहणं म्हणजे बाजारात तुरी. उलट रेडी रेकनर तीन वर्षं जागच्या जागी ठेवून एप्रिल २०२५मध्ये मुंबईत सरासरी ३.३९ टक्क्यांनी वाढवला. ड्युटी करारातली किंमत आणि रेकनर यात जे जास्त असेल त्यावर लागते, त्यामुळे पडत्या बाजारात घासाघीस करून घेतलेल्यालाही हा फटका बसतो.

व्याजदराचं मात्र खरं महत्त्व आहे. ऑक्टोबर २०१९पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते त्याला, बांधलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि लोकांची वीस वर्षांची कर्जं न कळत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची झाली, कारण बँक आधी मुदत वाढवते, हप्ता नाही. ७२ लाखांवर वीस वर्षांसाठी ८ टक्क्यांनी हप्ता साधारण ६० हजार २०० येतो, ९ टक्क्यांनी ६४ हजार ८००. दीड लाखाच्या महिन्याच्या कमाईत तुम्ही हे दोन्ही आकडे घालून बघा. दुसऱ्या आकड्यावर झोप लागत असेल तरच पुढे जा. आणि नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट नाही, हे धरून चाला.

भांडुपच्या टॉवरबद्दल एकच काम सांगतो. सेल्स ऑफिसातली मुलगी तुम्हाला ताब्याची एक तारीख सांगेल. घरी येऊन महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची नोंदवलेली तारीख बघा. दोन्हीत दीड-दोन वर्षांचं अंतर निघणं नेहमीचं. तोंडी सांगितलेली तारीख कायदा मानत नाही. उशिराचं व्याज, स्टेट बँकेचा एमसीएलआर (तिच्या कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के, करारात लिहिलेल्या तारखेपासूनच मोजलं जातं. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे तुमच्या बाबतीत ९ लाखांच्या वर, एक रुपया देऊ नका. रेरानं २०१७पासून खूप बदललं, घेणाऱ्यांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती झाली, कार्पेटची व्याख्या एक झाली. पण आदेश मिळणं आणि पैसे मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वसुलीचं वॉरंट शेवटी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत चालतं, आणि माझ्या निळ्या फायलींमध्ये अशी वॉरंटं वर्षानुवर्षं पडून आहेत.

माझं मत विचाराल तर भांडुप घ्या, पण तयार फ्लॅट मिळतो का ते आधी दोन महिने बघा. आणि वडिलांच्या सोसायटीचा पुनर्विकास होईल, मग ते घर मोठं होईल, मग आपण तिथे जाऊ, या हिशोबावर घर घेणं पुढे ढकलू नका. चोवीस कुटुंबांचं एकमत होणं ही गोष्ट कुठल्याही जीआरच्या हातात नाही.

राहिले मामा. त्यांची गोष्ट सगळ्यात जुनी. १९४७च्या भाडे कायद्यानं मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर, फाळणीनंतर शहरात माणसांचा पूर आला होता, त्यांना डोक्यावर छप्पर राहावं म्हणून. भाडेकरू वाचला, पण मालकानं दुरुस्ती सोडली, आणि चाळींच्या तुळयांना लाकडी टेकू आले. मग १९६९मध्ये इमारत दुरुस्ती मंडळ आलं आणि १९,६४२ इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. त्यांनाच आपण सेसच्या बिल्डिंगा म्हणतो. आज ते मंडळ म्हाडाकडे आहे. पागडी देणं-घेणं मात्र ३१ मार्च २०००पासून, नवा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हाच कायदेशीर झालं. तोवर अर्धी मुंबई जो व्यवहार करत होती तो कागदावर गुन्हा होता.

मामांची चाळ सेसमध्ये असेल तर ३३(७) कलमाखाली पुनर्विकासात त्यांना किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मालकीहक्कानं, फुकट. मामा म्हणतील, पलीकडे बीडीडी चाळवाल्यांना १६० फुटांच्या खोलीचे ५०० फूट मिळाले, ऑगस्ट २०२५मध्ये वरळीला चाव्याही वाटल्या, मग आम्हाला तीनशेच का? कारण त्या चाळी सरकारच्या जमिनीवर आहेत आणि त्यांचा नियम वेगळा आहे. तुमच्या मामांची चाळ खासगी मालकाची. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मी घालून बघितलाय.

इथे अजून एक ७९-अ आहे बरं का, तो म्हाडा कायद्यातला. मालक धोकादायक इमारत बांधत नसेल तर त्याला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि कुणालाच जमलं नाही तर म्हाडा स्वतः. या कलमाखालच्या नोटिसांवरून २०२५मध्ये उच्च न्यायालयात बराच वाद झाला. वडिलांच्या सोसायटीच्या ७९-अशी याचा काडीचाही संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही एकत्र फिरतात, म्हणून सांगितलं.

मामांचं खरं काम याहून लहान आणि तातडीचं आहे. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे? माझा अंदाज, अजून आजोबांच्या. लालबाग-परळमध्ये दहातल्या सहा खोल्यांत तसंच असतं. मूळ भाडेकरू वारला तेव्हा जो कुटुंबीय त्याच्याबरोबर राहत होता त्याच्याकडे भाडेहक्क जातो, आणि ते सिद्ध करायला त्या वर्षीचं रेशनकार्ड, लाइटचं बिल, मतदार यादी लागते. पुनर्विकासाची पात्रता यादी लागल्यावर चुलत भाऊ, आत्याची मुलं, कोण कुठून हक्क सांगत येतील सांगता येत नाही. आजी हयात असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र या महिन्यात करून घ्या. आणि मामांना म्हणावं, मालकाचा माणूस भाडं घ्यायला आला नाही तरी मनीऑर्डरनं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. भेटायला याल तेव्हा सोसायटीचं पीआर कार्ड आणि मामांच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा, दोन्ही मूळ प्रती घेऊन या. पावत्यांना वाळवी लागली असेल तरी टाकू नका.